फाटक, मैदान आणि पोशाख

गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्याने अमुकच कपडे घालावेत असा नियम असावा की नसावा, हा प्रश्न खोडदच्या किंवा मंचरच्या वाचकापुढे ठेवला, तर तो पहिल्याने हसेल. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला घाट ठाऊक आहे, बैलगाड्यांचा आणि डोंगरातला. त्याला तालमीतली लाल माती ठाऊक आहे. कॉलरचा सदरा नसेल तर चेंडू मारू देणार नाहीत, ही भानगड त्याच्या गावची नव्हे. पण वाचकहो, थोडे थांबा. प्रश्न वरवर चेंडूचा दिसतो, आत तो फाटकाचा आहे. फाटकावर उभा असलेला माणूस आलेल्याच्या अंगावरचा कपडा पाहून त्याला आत घेतो किंवा परत पाठवतो, ही गोष्ट आपल्या पुणे जिल्ह्याला चांगली परिचयाची आहे. एके काळी त्या फाटकावर अख्ख्या शेतकरी वर्गाचाच कपडा तपासला गेला होता. त्या हकिगतीकडे आपण येऊच. आधी खेळाचे पाहू.

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम 1744 सालचे आहेत. स्कॉटलंडात एडिंबरोजवळ लीथ नावाचे गाव आहे, तिथल्या खेळाडूंनी ते केले. एकंदर तेरा कलमे. चेंडू पाण्यात पडला तर काय करावे, तो माणसाला किंवा कुत्र्याला लागून थांबला तर कुठून मारावा, असल्या गोष्टी त्यात आहेत. कपड्यांविषयी त्या तेरा कलमांत एक अक्षर नाही. खेळाच्या नियमांना पोशाखाची गरज वाटली नाही, हे मुद्दाम ध्यानात ठेवा.

मग पोशाख आला कुठून? तो दोन वाटांनी आला, आणि या दोन वाटा आपण एकत्र करतो म्हणून सगळा घोटाळा होतो. पहिली वाट गरजेची. त्या काळी गोल्फ खेळत ते गावच्या मोकळ्या, सार्वजनिक जमिनीवर. आपल्याकडच्या गायरानासारखेच समजा. तिथे लोक चालत, मुले खेळत, गुरे चरत. त्यांच्यामधून टणक चेंडू सणसणत जाणार. तेव्हा खेळणारा लांबून दिसावा म्हणून लाल डगला घालण्याची चाल पडली. लंडनजवळच्या विंबल्डन कॉमनवर आजही गोल्फ खेळायचा तर अंगावर भडक लाल कपडा लागतो, कारण ते मैदान आजही फिरायला येणाऱ्यांचे आहे. हा नियम खेळणाऱ्याची शोभा वाढवण्यासाठी नाही. तो वाटसरूचे डोके फुटू नये म्हणून आहे. बुटांचेही तसेच. पाय घसरू नये म्हणून गोल्फच्या बुटांना पूर्वी लोखंडी खिळे असत. ज्या भोकात चेंडू घालायचा त्याच्याभोवतीचे गवत मखमलीसारखे बारीक कापलेले असते, त्याला ग्रीन म्हणतात. खिळ्यांनी त्या गवताची चाळण होई. म्हणून 1990 नंतरच्या दहा वर्षांत जगातल्या कितीतरी मैदानांनी लोखंडी खिळे बंद केले आणि मऊ प्लॅस्टिकचे चालू केले. याला कोण हरकत घेईल? तुमच्या गावच्या तालमीत पायताण घालून मातीत उतरू देतात का? वस्ताद दांडगा असो वा शांत, चपला बाहेर. तिथे मारुतीही आहे आणि मातीही आहे, दोघांचा मान एकदमच राखला जातो. हा नियम कुणाला टोचत नाही, कारण तो पाटलाच्या पोराला आणि गड्याच्या पोराला सारखाच लागतो, आणि पाळायला दमडी पडत नाही.

दुसरी वाट मात्र फाटकाची. गोल्फ गावच्या पडीक जमिनीवरून उठून कुंपणात गेला, त्याला क्लब झाला, आणि मग आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याची पाळी आली. हिंदुस्थानात हा खेळ आला तो या कुंपणासकटच. कलकत्त्यात 1829 मध्ये गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानतात. मुंबईत 1842 साली निघाला. कुंपणाच्या आत साहेब, आणि त्याच्या काठ्यांची पिशवी वाहायला कुंपणाबाहेरच्या वस्तीतली पोरे. एकच गवत, एकच ऊन. पण कुणी कोणते कपडे घालून त्यावर चालायचे हे ठरलेले.

एतद्देशीय माणसाच्या पायातल्या जोड्यावरून त्याच काळात केवढे रण माजले होते! आपल्याकडची रीत अशी की मानाच्या जागी जाताना जोडा बाहेर काढावा. साहेबाची रीत अशी की टोपी काढावी, जोडा नव्हे. साहेबाने काय केले? आपली रीत आपल्यासाठी ठेवली आणि आमची रीत आमच्यासाठी सक्तीची केली. म्हणजे तो बूट घालून बसणार आणि आम्ही त्याच्यासमोर अनवाणी उभे राहणार. पुढे 1854 साली सरकारने एक सवलत दिली, की ज्यांनी विलायती बूट आणि मोजे घातले असतील त्यांनी दरबारात ते काढू नयेत. म्हणजे जोडा विलायती असेल तर तो सभ्य, देशी असेल तर तो बाहेर! सुरतेला 1862 मध्ये माणकजी कावसजी नावाच्या एका पारशी गृहस्थाला फौजदारी कोर्टात जोड्यासकट येऊ देईनात. सुरत तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. गृहस्थ भलता चिवट. त्याने तो प्रश्न वरपर्यंत लढवला आणि त्यावर पुस्तिकाही छापली. कातड्याच्या दोन तुकड्यांवरून एवढे कशाला, असे त्या वेळच्या पुष्कळ शहाण्यांना वाटले असेल. आज आपल्याला तसे वाटत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातली ती हकिगत.

तारीख होती 2 मार्च 1888. व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट त्या वेळी मुंबई इलाख्याच्या फौजेचे मुख्य होते. हरी रावजी चिपळूणकर या पुण्याच्या धनिक गृहस्थांनी त्यांच्या सन्मानार्थ समारंभ केला. बोलावणे जोतीराव फुल्यांनाही होते. जमलेली मंडळी म्हणजे जरीच्या पगड्या, शालजोड्या, हिऱ्यामोत्यांचा चकचकाट. त्यात जोतीराव आले ते कसे? डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, पायात जुनाट वहाणा. फाटकावरच्या लोकांनी त्यांना आधी अडवले, आणि यजमानांनी स्वतः येऊन आत नेले, अशी हकिगत सांगतात. आत गेल्यावर जोतीराव उठले आणि ड्यूकसाहेबांना उद्देशून बोलले. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा, की या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून हा देश सुखी आहे असे समजू नका. देश खेड्यात आहे, तो उपाशी आहे, आणि अंगावर पुरते वस्त्र नसलेल्या शेतकऱ्याची हालत बघायची तर माझ्याकडे बघा. त्या शेतकऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाची सोय करा, असे राणीसाहेबांच्या कानी घाला.

जोतीरावांना चांगले कपडे नव्हते असे कुणी समजू नये. ते बांधकामाचे मोठे ठेकेदार होते. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून सहा-सात वर्षे बसले होते. त्या समारंभाला साजेसा पोशाख त्यांच्याजवळ असणारच. त्यांनी तो घातला नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी 1883 मध्ये लिहून पुरा केला होता; जुन्नर, ओतूर या बाजूला त्यांच्या सत्यशोधक समाजाचे काम जोरात चालले होते. असूड वाचून दाखवता येतो, पण राजपुत्राने तो ऐकलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. घोंगडी मात्र त्याला पाहावीच लागली. माझ्या मते त्या दिवशीचे खरे भाषण फाटकावरच झाले. आत झाले ते त्याचे स्पष्टीकरण.

कुणी म्हणेल, ते साहेबाचे राज्य होते, ते गेले. गेले खरे. पण फाटके राहिली. मुंबईत विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब आहे, त्याला गोल्फचे मैदान आहे. त्या क्लबाचा जन्मच एका चांगल्या हेतूने झाला. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव असे, म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या काळात, 1917 च्या सुमारास, गोरे आणि हिंदी दोघांसाठी हा क्लब काढण्यात आला. कातडीचे फाटक तिथे उघडले. आणि 1988 मध्ये याच क्लबात चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना परत पाठवण्यात आले. कारण? पायात जोडा नव्हता!

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. पंढरपूरच्या माणसाला अनवाणी पायाची लाज वाटावी हे अजब नाही का? आषाढीला लाखो माणसे त्याच वाटेने येतात आणि कित्येकांच्या पायांत काही नसते. दिल्लीला 1964 साली गजानन माधव मुक्तिबोध वारले. हिंदीतले थोर कवी, घरचे मराठी. त्यांच्या अंत्ययात्रेपासून आपण जोडा सोडला, असे हुसेन सांगत. गंमत पाहा, शंभर वर्षांपूर्वी सुरतेला जोडा घातला म्हणून आत घेईनात, मुंबईला जोडा घातला नाही म्हणून आत घेईनात. नियम अगदी उलटा झाला. फाटकावरचा माणूस मात्र तोच, आणि त्याचे वाक्यही तेच, की आमच्याकडची ही रीत आहे.

याच्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. उत्तर असे, की सगळ्यांना एकच पोशाख लावला तर उलट भेद मिटतो. शाळेत सावकाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच खाकी चड्डीत आणि पांढऱ्या सदऱ्यात बसतात, ते चांगलेच आहे. मग गोल्फच्या मैदानावरही तसेच का नको? शाळेपुरते हे मलाही मान्य आहे. शाळेत सगळ्यांना आधी आत घेतात, मग एक कपडा देतात. क्लबात आधी कपडा पाहतात, मग आत घ्यायचे की नाही ते ठरवतात.

आणि कपडा एक झाला म्हणजे माणूस एक झाला, असेही नाही. पुण्यातच पाहा. पाळवणकर बाळू हा आपल्याकडचा थोर गोलंदाज. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, 1892 च्या सुमारास, पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तो खेळपट्टीवर रोलर फिरवी, जाळी बांधी, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. जातीने चांभार. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्या गोलंदाजीची गरज पडली तेव्हा त्याला घेतले. मैदानावर त्याचे कपडे इतरांसारखेच पांढरे. एकाच चेंडूला सगळ्यांचे हात लागत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत तंबूत चिनी मातीच्या कपातून पीत, आणि बाळूला तंबूबाहेर मातीच्या बोळक्यात देत. याच बाळूने 1911 च्या विलायतेच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पांढऱ्या कपड्याने त्याला मैदान दिले. तंबूचे फाटक त्या कपड्याने उघडले नाही. ते उघडायला माणसांशी भांडावे लागले.

कपड्याच्या या राजकारणाची दुसरी बाजू महाडला दिसली. डिसेंबर 1927 मध्ये, मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायांशी बोलले. त्यांनी सांगितले, की तुमच्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, ती तऱ्हा टाका. लुगडे वरच्या जातीच्या बाया नेसतात तसे पायघोळ नेसा, स्वच्छ राहा. बाबासाहेब स्वतः कोट-टाय घालत. जोतीरावांनी भारी पोशाख उतरवला, बाबासाहेबांनी चढवायला सांगितला. दोघांत विरोध आहे असे कुणाला वाटेल. मला वाटत नाही. मी काय घालावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, आणि घातल्यावरून माझी पायरी तर नाहीच नाही, हेच दोघे सांगत होते. गावातल्या पायऱ्या ज्या समाजाने कपड्यांवर शिवून ठेवल्या होत्या, तिथे पोशाखाचा नियम हा नुसता टापटिपीचा नियम कधीच नसतो.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर अगदी अलीकडचे ऐका. मद्रासच्या एका क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात जुलै 2014 मध्ये हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे आपले धोतर, नेसले म्हणून आत घेतले नाही. न्यायमूर्तींना! तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा केला, की देशी पोशाखावरून अशा ठिकाणी कुणाला अडवले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड आणि वर्षापर्यंत कैद. पुढे 2017 च्या जून महिन्यात दिल्लीच्या गोल्फ क्लबात मेघालयातली एक खासी स्त्री पाहुणी म्हणून जेवायला आली होती. अंगावर तिच्या समाजाचा मानाचा पोशाख होता, जैनसेम. तिला टेबलावरून उठून जायला सांगितले. मोलकरणीसारखी दिसते म्हणाले. क्लबाने मागाहून दिलगिरी दाखवली. पण त्या बोलण्यात सगळे मर्म आले आहे. कपडा फाटका नव्हता, मळका नव्हता, आखूड नव्हता. तो फक्त ‘त्यांच्यातला’ नव्हता. आणि समजा ती खरोखर मोलकरीणच असती, तर? हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. दिल्लीच्या त्या क्लबाची जमीन सरकारकडून भाड्याने घेतलेली आहे हेही जाता जाता सांगून ठेवतो.

मग नियम नकोच का? तसे मी म्हणत नाही. तुमच्या खोडदचेच घ्या. आकाशातले रेडिओ तरंग टिपणारी जी प्रचंड दुर्बीण तिथे उभी आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने झालेली, तिचा एक नियम कडक आहे. आत जायचे तर मोबाइल फोन बंद. मंत्री असो, शास्त्रज्ञ असो, नारायणगावचा टोमॅटोवाला असो, सर्वांना एकच. कारण दूरच्या ताऱ्याकडून येणारा तरंग इतका क्षीण असतो, की खिशातल्या फोनपुढे तो बुडून जातो. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरते. शाळांची मुले येतात, शेतकरी येतात, कुणी टोपी-धोतरात, कुणी जीनच्या विजारीत, आजीबाई नऊवारीत. त्यांच्या कपड्यांनी ताऱ्याच्या तरंगाला काही होत नाही, म्हणून त्याविषयी नियम नाही. नियम कशासाठी आहे याचे उत्तर फाटकावरच्या शिपायालासुद्धा एका वाक्यात देता आले पाहिजे. खोडदच्या शिपायाला ते देता येते. कॉलर नसलेल्या सदऱ्याने चेंडूचे काय बिघडते, याचे उत्तर गोल्फच्या कोणत्या शिपायाला देता येईल?

शिवाय कॉलर, विजारीची लांबी, हे नियम देवाने लिहिलेले नाहीत. इंग्लंडात 1933 मध्ये ग्लोरिया मिनोप्रियो नावाची खेळाडू बायकांच्या स्पर्धेत विजार घालून आली. केवढा गहजब! बायकांच्या गोल्फ संघटनेने झाल्या प्रकाराबद्दल खेद जाहीर केला. घेरदार झग्याचा वाऱ्याने शिडासारखा फुगा होतो आणि काठी फिरवता येत नाही, हे संघटनेतल्या बायकांना ठाऊक नव्हते असे नाही. आज तीच विजार सभ्यपणाची समजतात, आणि 2017 मध्ये अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक संघटनेने नियम काढले ते आखूड घागऱ्यांविरुद्ध आणि खोल गळ्यांविरुद्ध. पुरुषांच्या बाबतीत अमेरिकेतल्या मोठ्या संघटनेने 2019 पासून निदान सरावाच्या दिवशी तरी अर्धी चड्डी चालवून घेतली. मे महिन्यात आपल्याकडे एकदा भर उन्हात अठरा भोकांची फेरी केली असती, तर त्यांनी ती शंभर वर्षे आधीच चालवून घेतली असती!

तेव्हा मला विचाराल, तर मैदानाच्या पाटीवर तीन-चार ओळी पुरेत. गवत उकरणारे जोडे नकोत. जिथे फिरणाऱ्या लोकांची वाट मैदानातून जाते तिथे लांबून दिसेल असा रंग अंगावर हवा. कपडे खेळता येईल असे आणि स्वच्छ हवेत. याउपर काही लिहायचे असेल तर त्यापुढे कारणही लिहावे. धोतर नेसून कुणाला काठी फिरवायची असेल तर काचा मारून फिरवू द्यावी; पैलवानाला लांग कशी मारावी हे क्लबाने शिकवायला नको. राहिला खासगी क्लबाचा हक्क. आपल्या दिवाणखान्यात कुणाला बसवावे हे ज्याचे त्याने ठरवावे, हे खरे. पण शेकडो एकर मोकळी जमीन हा कुणाचा दिवाणखाना होत नाही, विशेषतः ती जमीन सरकारची असेल तेव्हा.

नाशिकला कधी गेलात तर गोल्फ क्लब मैदान कुठे ते विचारा, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडील. गोल्फ तिथे आता कुणी खेळत नाही, लोकांच्या तोंडी नाव तेवढे राहिले आहे. मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे आहे, ज्यांनी 1909 मध्ये नाशिकच्या इंग्रज कलेक्टरवर गोळी झाडली. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात. सकाळी शहर फिरायला येते, कुणी धावण्याच्या बुटांत, कुणी कोल्हापुरी वहाणांत, आणि बऱ्याच आयाबाया साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून झपाझपा फेऱ्या घालत असतात.